दोनशे चौदा नंबरचं पाकीट

आमच्या लॉन्ड्रीवाल्या काकूंचा एक शर्ट एका गाण्यात व्हायचा. धृपदाला कॉलर, पहिल्या कडव्याला उजवी बाही, दुसऱ्याला डावी, तिसऱ्यात पाठ, आणि बटणांच्या पट्टीवर आल्या की आवाज अगदी खाली, कारण बटणांमधून इस्त्रीचं टोक फिरवायला लक्ष लागतं. गाणी सगळी देवाची. मधेच इस्त्री उभी करून ठेवायच्या आणि ओळीचा अर्थ सांगायच्या, त्या अर्थात एखादी गोष्ट यायची, गोष्टीत विनोद, आणि ऐकणारा हसून होतोय तोवर पुन्हा चाल धरायच्या. गिऱ्हाईक काउंटरवर पैसे हातात धरून तसंच उभं राहायचं. घाई आहे म्हणून आलेली माणसं तिथे अर्धा अर्धा तास थांबलेली मी पाहिली आहेत.

मी तिथे कामाला लागले तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझ्याकडे एक फार सुंदर फोन होता.

फोनचं आधी सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. वर्षाच्या सुरुवातीला शिष्यवृत्तीचे सहा महिन्यांचे पैसे एकदम खात्यात आले. एवढी रक्कम स्वतःच्या नावावर मी जन्मात पाहिली नव्हती. मला वाटलं, ही काही संपायची नाही. ती दोन महिन्यांत संपली. कशी संपली ते मला सांगता आलं नसतं. एका दुपारी, खोलीतल्या मैत्रिणीसोबत सहज दुकानात शिरले असताना, हप्त्यावर फोन घेतला, एवढं मात्र पक्कं आठवत होतं. मैत्रीण म्हणाली, "घे ग, महिन्याला थोडेच तर द्यायचेत." तिला आम्ही महाराणी म्हणायचो. स्वतःचे नसले की ती पैसे फार मोकळ्या मनाने खर्च करायची.

शिष्यवृत्ती संपली आणि हप्ते राहिले. हप्ता चुकला की दंड, दंड चुकला की त्यावर दंड. खात्यात कुठूनही काही आलं की फोनवाले ते परस्पर ओढून न्यायचे. मी खात्यात पैसे टाकणंच बंद केलं, आणि त्यांचे निरोप न वाचता पुसायला शिकले. त्यांच्याच फोनवर त्यांचेच निरोप.

आणि वर्षाच्या फीचा दुसरा हप्ता बाकी होता. अकरा हजार चारशे. ठरल्या तारखेला चारच्या आत खिडकीवर भरले नाहीत तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, म्हणजे वर्ष गेलं. पहिला हप्ता माझ्या बाबांनी भरला होता. ते एका गोदामात मालाची नोंद करायचे. त्यासाठी त्यांनी दोन महिने दुहेरी पाळी केली होती. पैसे हातात देताना म्हणाले, "एवढं माझ्याच्यानं झालं. पुढचं तू बघशील ना?"

"बघते की," मी म्हणाले होते. जणू काही बघण्यासारखं माझ्याकडे काही होतंच.

माझ्या खोलीच्या मागच्या गल्लीत लॉन्ड्रीच्या काचेवर कागद चिकटवलेला होता: 'संध्याकाळी चार तास मदतीला माणूस हवं. गाणं ऐकून घ्यायची तयारी हवी.' मी आत गेले. वाफेने काचा धुरकटलेल्या, दोरीवर टांगलेल्या कपड्यांच्या मागून आवाज येत होता, आणि तो आवाज थांबायची वाट बघत मी उभी राहिले. थांबला तेव्हा काकू डोकावल्या.

"किती वेळ उभी आहेस?"

"तीन कडवी झाली असतील."

"मग लागली तुला नोकरी," त्या म्हणाल्या.

आठवड्याला पंधराशे, दर गुरुवारी रोख. दुकानात आम्ही तिघं. काकू, मी आणि काकूंचे धाकटे दीर, ज्यांना सगळी गल्ली भाऊजी म्हणायची. भाऊजी कपडे घरपोच नेऊन द्यायचे आणि मी कॉलेजात असेन तेव्हा काउंटर सांभाळायचे. नियमाला इतके पक्के की स्वतःची विजार धुवायला टाकली तरी पावती फाडायचे.

दुकानाचा सगळ्यात मोठा नियम खिशांचा. कपडा आत आला की आधी प्रत्येक खिसा उलटा करायचा. जे निघेल ते, मग ती नोट असो की चुरगळलेला कागद, तपकिरी पाकिटात घालायचं. पाकिटांवर आधीच नंबर छापलेले असायचे. कपड्याच्या चिठ्ठीचा नंबर तोच पाकिटाचा. पाकीट काउंटरच्या वरच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं, कपडा परत देताना हँगरच्या कागदाला टाचायचं, आणि गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे उघडून बघायला लावायचं. नंबर एक ते हजार. हजार झाले की पुन्हा एक. एका फेरीला साधारण तीन महिने लागायचे.

"खिशात हात घालताना देवाचं नाव घेत जा," काकूंनी पहिल्या दिवशी सांगितलं. "काय हाताला लागेल सांगता येत नाही. मागे एकदा बेडूक निघाला होता."

"जिवंत?"

"जिवंत कसला. अर्धं बिस्किट होतं. पण दिसत बेडकासारखं होतं."

"कचरा निघाला तरी पाकिटात?" मी विचारलं.

"कचरा की ठेवा, हे तू कोण ठरवणार?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा कॉलरवर गेल्या.

पहिला गुरुवार आला, हातात पंधराशे पडले, आणि रविवारी माझ्याकडे दोनशे उरले. सोमवारी मी दुपारी काही न खाताच कामावर आलेय हे काकूंच्या लक्षात आलं. विचारलं, "कुठे गेले ग?" मी म्हणाले, "कुठे गेले ते आठवत नाही." रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पावतीपुस्तकातलं एक कोरं पान फाडून दिलं.

"आठवडाभर लिही. फक्त लिही. खर्च कमी करू नकोस, लाजू नकोस, मला दाखवू नकोस. गाण्यात सूर कुठे घसरतो ते आधी ऐकावं लागतं, मग सुधारता येतं."

मी लिहिलं. आठवड्याच्या शेवटी पान वाचताना मला घाम फुटला. भाडं बाबा परस्पर पाठवायचे, तेव्हा उरलं जेवण आणि बसचं तिकीट, त्यांचा खर्च तर थोडाच. बाकी सगळं असं: 'महाराणी म्हणाली म्हणून', 'सगळे चाललेच होते म्हणून', 'दुकानदार एवढा वेळ दाखवत होता म्हणून'. ते पान मी न सांगताच काकूंना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि हसून हसून डोळे पुसले.

"म्हणजे हे सगळे 'नाही' म्हणता न आल्याचे पैसे!"

"हसू नका ना काकू."

"तुला नाही हसत ग. मीही दहा वर्षं हेच केलंय. आमचे हे असताना दारात आलेल्या प्रत्येक फेरीवाल्याकडून मी काहीतरी घ्यायची. घरात सात चाळण्या होत्या."

त्यांनीच पाकिटांची कल्पना दिली. पैसे आले की आधी वाटून ठेवायचे, मग जगायचं. ज्या कपड्यांच्या खिशांत काही निघालं नाही त्यांची छापील पाकिटं कोरी उरायची, आणि काकू काही टाकून देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या दिवशी दोनशे बारा, तेरा आणि चौदा अशी तीन उरली होती. बारामध्ये जेवण, तेरामध्ये प्रवास, चौदामध्ये फी. वर काही लिहायचं नाही असं मीच ठरवलं. 'जेवण' लिहिलेल्या पाकिटातून महाराणी हक्काने उसने घेते हे मला माहीत होतं. नंबर बघून तिला काय कळणार? आणि फीचं पाकीट खोलीत ठेवायलाच नको म्हणून काकूंनी काउंटरचा खालचा ड्रॉवर मला दिला.

"बँकेत का नाही टाकत?" त्यांनी विचारलं होतं.

"इथे डोळ्यांसमोर राहतात," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण खरं कारणही नव्हतं.

दर गुरुवारी मी नऊशे पन्नास मोजायची, घडी घालायची, रबर लावायची आणि चौदामध्ये ठेवायची. उरलेल्या साडेपाचशेत आठवडा काढायची. सुरुवातीला जड गेलं. महाराणी म्हणायची, "काय ग, संन्यास घेतलास की काय?" मी 'नाही' म्हणायला शिकले, आधी पुटपुटत, मग हसत, आणि एकदा चक्क गाण्याच्या चालीवर म्हणाले, तेव्हा ती इतकी दचकली की तिने परत विचारलं नाही. नंतर ती स्वतःच सोबत डबा घेऊन येऊ लागली. मी दुपारी जेवत होते, झोप लागत होती, पाकीट जाड होत होतं. खूप दिवसांनी मला देवाशी बोलताना काही मागावंसं वाटलं नाही. नुसतं सांगावंसं वाटायचं, आज सात घड्या झाल्या, आज आठ झाल्या.

बाराव्या गुरुवारी शेवटची घडी ठेवली. अकरा हजार चारशे पूर्ण. दुसऱ्या दिवशी माझी चाचणी परीक्षा होती, काउंटरवर तीन गिऱ्हाइकं उभी, त्यांतला एक चाव्या वाजवत होता. मी पाकीट घाईघाईने ड्रॉवरमध्ये सारलं आणि चावीवाल्याकडे वळले.

फी भरायची तारीख पुढच्या शुक्रवारची. सोमवारी मी खालचा ड्रॉवर उघडला. रिकामा. दोनदा आत हात फिरवला, मग आठवलं, घाईत वरच्यात टाकलं असेल. वरचा उघडला. दोनशे चौदा समोरच होतं. जीव भांड्यात पडला. पण हातात घेतलं तर हलकं. उघडलं.

आत दोन पेपरमिंटच्या गोळ्या, बसचं एक तिकीट आणि घडी घातलेला कागद.

मी कितीतरी वेळ त्या गोळ्यांकडे बघत होते. मग भिंतीवर लावलेल्या चिठ्ठ्यांकडे बघितलं. शनिवारच्या चिठ्ठ्यांमध्ये दोनशे दहा, अकरा, बारा... फेरी पूर्ण होऊन नंबर पुन्हा तिथेच आले होते.

"भाऊजी," मी म्हणाले, "दोनशे चौदाचा कपडा कुणी दिला?"

"मीच. शनिवारी. काळा कोट, पुरुषाचा." भाऊजींनी मान उंच केली. "ड्रॉवरमध्ये एकाच नंबरची दोन पाकिटं होती. मी म्हटलं, ही पोरगी एका कपड्याला दोन पाकिटं करते, सांगायला हवं. एक रिकाम्यासारखंच होतं, म्हणून जाड होतं ते टाचलं."

"घेऊन कोण गेलं?"

"एक बाई. छत्री होती."

"चेहरा कसा होता?"

"चेहरा होता की. म्हाताऱ्या बाईसारखा."

"आणि तुम्ही पाकीट उघडून बघायला नाही लावलंत?"

भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा नियमावर अडखळले. "त्या म्हणाल्या, घरी बघते. डोळ्यांत पाणी होतं ग त्यांच्या. मी... एकदाच सोडून दिलं."

घरपोच मागवणाऱ्यांचा पत्ता आमच्याकडे असायचा. स्वतः येऊन नेणाऱ्यांकडे नुसती अर्धी पावती. छत्रीशिवाय आम्हाला काही माहीत नव्हतं.

काकूंनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला. "बँकेत का नाही ठेवलेस?" आता लपवायला काही उरलंच नव्हतं. मी फोनचं सगळं सांगितलं. हप्ते, दंड, न वाचलेले निरोप. काकू स्टुलावर बसल्या.

"बारा आठवडे माझ्यासमोर पैसे मोजलेस आणि हे पोटात ठेवलंस?"

"लाज वाटली."

"लाज तर मला वाटतेय. रोज जगाला उपदेश गाते, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोरीच्या मनातलं ऐकू आलं नाही." त्या उठल्या. "माझ्याकडे चार हजार आहेत. मोठी इस्त्री आत्ताच दुरुस्त केली, नाहीतर सगळेच दिले असते."

"माझं घड्याळ आहे," भाऊजी म्हणाले.

"ते बंद आहे, भाऊजी."

"दिवसातून दोनदा बरोबर असतं."

त्याही स्थितीत मला हसू आलं, आणि हसता हसता मी रडायला लागले. घड्याळ राहू दिलं. चार हजारांनाही नाही म्हटलं. तेवढ्याने खिडकी उघडणार नव्हती, आणि काकूंची नड मला ठाऊक होती. आम्ही काचेवर कागद लावला: 'दोनशे चौदाच्या कोटवाल्यांनी भेटावे, आपली वस्तू आमच्याकडे आहे.' आणि वाट बघितली. मंगळवार गेला, बुधवार गेला. रोज आई फोनवर विचारायची, "पैसे पुरतायत ना ग?" आणि मी 'हो' म्हणायची. गुरुवारी काकूंनी पंधराशे हातावर ठेवले तेव्हा माझी बोटं सवयीने नऊशे पन्नास मोजू लागली.

शुक्रवारी मी कॉलेजात गेलेच नाही. काय करायचं जाऊन? दुपारी अडीचला काउंटरवर चिठ्ठ्या लावत बसले होते. मागे काकूंची डावी बाही चालली होती. दार उघडलं आणि आधी छत्री आत आली.

मागून एक वृद्ध बाई. कोरी पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी उठून उभीच राहिले.

"ते गृहस्थ नाहीत का, ज्यांनी कोट दिला? मला त्यांचे आभार मानायचेत." त्यांनी काचेवरचा कागद वाचला नव्हता, चष्मा गळ्यात लोंबत होता. "तुमच्यासारखी माणसं आजकाल कुठे असतात, बाळ? एवढे पैसे खिशात निघाले आणि तुम्ही जसेच्या तसे परत केलेत."

मी काही बोलण्याआधीच त्या खुर्चीवर बसल्या आणि सांगू लागल्या. "आमचे हे गेले, त्याला दोन महिने झाले. कोट भाच्याला देणार होते, म्हणून धुवायला टाकला. चाळीस वर्षं मी त्यांच्याशी एकाच गोष्टीवरून भांडले. हातात पैसा टिकायचा नाही. शिल्लक म्हणून नाहीच. आणि घरी जाऊन पाकीट उघडते तर काय! नोटांच्या बारा घड्या. प्रत्येकीला रबर. प्रत्येकीत सारखे. माझ्यासाठी साठवत होते हो! आणि मी मेली बोलत राहिले. फोटोसमोर उभी राहून माफी मागितली मी."

मागे गाणं थांबलं होतं. इस्त्री उभी केल्याचा खट्ट असा आवाज आला. काकू कपड्यांच्या आडून पुढे आल्या, पण काउंटरपर्यंत आल्या नाहीत. तिथेच थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. भाऊजी दारात, हातात गठ्ठा, तसेच.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजून दहा मिनिटं झाली होती.

माझ्या मनात काय काय आलं ते सगळं सांगत नाही. 'माझे आहेत ते' असं ओरडावंसं वाटलं. मग त्यांचा चेहरा बघून वाटलं, जाऊ दे, एक वर्ष गेलं तर गेलं, एवढा आनंद कुणाकडून कसा काढून घ्यायचा? आणि खरं सांगते, गप्प बसण्यात मला मोठेपणाही वाटू लागला होता. बाबांची दुहेरी पाळी आठवली तरी जीभ उचलत नव्हती. पण वरच्या ड्रॉवरवर माझा हात होता, आणि त्या ड्रॉवरमध्ये दुसरं दोनशे चौदा होतं. ते त्यांचं होतं. मी गप्प बसले असते तर ते त्यांना कधीच मिळालं नसतं. त्यांचं त्यांना द्यायचं, तर माझं मला सांगावंच लागणार होतं.

"आजी," मी म्हणाले, "तुमच्या कोटात जे निघालं ते हे आहे."

त्यांनी चष्मा चढवला. पाकिटातून आधी गोळ्या काढल्या, मग तिकीट, मग कागद. घडी हळूच उलगडली. मी तो कागद सोमवारपासून उघडलेला नव्हता, दुसऱ्याचा म्हणून. त्यांनीच वाचला, मोठ्याने.

"बल्ब एक. साबण दोन. हिच्या गुडघ्याचं मलम, मोठी ट्यूब, लहान पुरत नाही. पैसे उरले तर पेपरमिंट."

मग त्यांनी कागद मांडीवर ठेवला. तिकीट उलटसुलट करून बघितलं.

"मलम आणलं होतं," त्या म्हणाल्या. "ह्याच दिवशी. एवढी मोठी ट्यूब! आणि मी ओरडले, कशाला एवढे पैसे घातलेत म्हणून. म्हणाले, अग, तुझा गुडघा काय लहान ट्यूबएवढा आहे का?" त्या हसू लागल्या, आणि हसताना गालांवरून पाणी वाहत होतं. "अर्धी आहे अजून. रोज लावते."

पदराने गाल पुसून त्यांनी मान वर केली.

"मग ते पैसे ग?"

"माझे," मी म्हणाले. "फीचे. माझ्या चुकीने त्या ड्रॉवरमध्ये राहिले."

"आणि माझ्या चुकीने टाचले गेले," भाऊजी दारातूनच म्हणाले. त्यांनी गठ्ठा खाली ठेवला आणि हात जोडले. "उघडून बघायला लावायला हवं होतं. नियम आहे आमचा."

आजींनी चष्मा काढला. मग पिशवीत हात घालून त्यांनी पाकीट काढलं आणि काउंटरवर ठेवलं. सगळी रबरं जागच्या जागी.

"तरीच," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. रबर लावण्याइतकी शिस्त ह्यांच्यात नव्हतीच. एक नोट मोडलेली नाही, बघून घे. त्यांची म्हणून मोडवेना." मग काकूंकडे वळल्या. "आता मी फोटोसमोर माफी मागितली तिचं काय करू? परत घेऊ का?"

"राहू द्या ताई," काकू म्हणाल्या. "कधी नव्हे ती मिळालीय त्यांना."

तिघी हसलो. आजींनी कागद नीट घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला. "पैशांपेक्षा हे बरं," त्या पुटपुटल्या. "पैसे कुणाचेही असतात. गुडघा माझाच आहे." दोन गोळ्यांपैकी एक त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "तोंडात टाक आणि पळ. खिडकी कितीला बंद होते?"

"चारला."

"मग अजून उभी काय आहेस?" काकू, भाऊजी आणि आजी, तिघंही एकदमच ओरडले.

भाऊजींनी स्कूटर काढली. मागच्या कॅरिअरवर कुणाचे तरी इस्त्रीचे सहा शर्ट तसेच, आणि मध्ये मी, पाकीट पोटाशी धरून. भाऊजींनी जन्मात कधी सिग्नल मोडला नसेल, पण आज एक मोडायचाच असं त्यांनी ठरवलं, आणि जवळ जाऊन थांबले. "नको," म्हणाले, "या आठवड्यात एक नियम सोडलाय, तेवढा पुरे." हिरवा होईपर्यंत मी मागे बसून देवाला हाका मारत होते आणि हसत होते.

खिडकीवर पोचले तेव्हा पावणेचार. माझ्यापुढे दोघं. फी घेणारे कारकून बारा घड्यांची बारा रबरं एकेक करून काढत बसले.

"कुणाच्या गल्ल्यातून आणलेस का हे? नाव सांग."

गोळी जुनी होती, दातांना अशी चिकटली होती की तोंड उघडेना. मी बोटाने थांबा म्हणून सांगितलं. मागच्या रांगेत हशा पिकला. पावती हातात पडली तेव्हा चारला पाच कमी होते.

बाहेर पायऱ्यांवर बसले. भाऊजी शर्ट पोचवायला निघून गेले होते. मी तो सुंदर फोन काढला. त्याचे साचलेले निरोप पहिल्यांदा नीट वाचले, वरपासून खालपर्यंत, आणि आकडा पावतीच्या मागे लिहिला. वाटलं होतं तेवढा भयंकर नव्हता. उद्या काकू माझ्यासोबत फोनच्या दुकानात येणार होत्या, फोन विकायचा, येतील ते तिकडे भरायचे आणि उरलेलं किती आठवड्यांत फिटतं ते बसून ठरवायचं. मग माझं खातं पुन्हा माझं होणार होतं. दर गुरुवारी नऊशे पन्नास बाजूला काढायची सवय तर बोटांना लागलीच होती. फी भरून झाली म्हणून ती सोडायचं काही कारण दिसेना.

त्या फोनवरून मी शेवटचा मोठा फोन बाबांना केला.

"भरली फी?" त्यांनी विचारलं. मागे गोदामात कुणीतरी पेट्या आपटत होतं.

"भरली, बाबा. पूर्ण."

पेट्यांचा आवाज लांब गेला, ते बाहेर आले असावेत. मग ते म्हणाले, "कशी ग जमवलीस एवढी?"

"एकटीने नाही जमवली," मी म्हणाले. "वेळ आहे तुम्हाला?"

"आहे की. सुटी झालीच आत्ता."

मी पायरीला पाठ टेकली. गोळी आता विरघळून अगदी पातळ झाली होती. कुठून सुरुवात करावी याचा क्षणभर विचार केला.

"आमच्या काकू आहेत ना बाबा," मी म्हणाले, "त्यांचा एक शर्ट एका गाण्यात होतो."